दानबीच्या कॉलेजचं पुष्पचक्र

सासूबाई गेल्या, याचा जोंगसुनला काही धक्का बसला नाही. नव्वदी ओलांडलेली बाई, अर्धांगाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, झोपेतच गेली. कोरियातल्या ह्या गुनसान गावात अशा मरणाला लोक हळहळत नाहीत. ‘सोनं झालं’ म्हणतात आणि मयताच्या जेवणात तिखट रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतात. धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो फुलांच्या टेम्पोतून आला.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या शोकगृहात पांढऱ्या शेवंतीची पुष्पचक्रं दारापासून आतपर्यंत ओळीने उभी होती. माणसापेक्षा उंच, तीन पायांच्या घोडीवर बांधलेली, आणि प्रत्येकाला दोन लांब रेशमी पट्ट्या. पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव असतं. आलेला माणूस फोटोपुढे वाकण्याआधी पट्ट्या वाचतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी कबूल करत नाही. मोठ्या जाऊबाईंच्या मुलाच्या औषध कंपनीचं पुष्पचक्र आदल्या संध्याकाळीच येऊन थडकलं होतं आणि जाऊबाई तेव्हापासून त्याच्याच शेजारी उभ्या राहून लोकांचं सांत्वन स्वीकारत होत्या.

जोंगसुनने मात्र फोटोच्या अगदी लगतची जागा मोकळी ठेवली होती.

“इथे काही ठेवू नका हं,” ती येईल त्याला बजावत होती. “सोलहून यायचंय. दानबीच्या विद्यापीठाकडून.”

हे विद्यापीठ म्हणजे जोंगसुनचा जीव की प्राण. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं केस कापायचं, कुरळे करायचं दुकान होतं. मुलीला सोलच्या त्या मोठ्या विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाला प्रवेश मिळाला, त्या दिवसापासून दुकानात दुसरा विषय नव्हता. पाठीवर विद्यापीठाचं नाव असलेलं ते गडद निळं जॅकेट खरं तर मुलांनी मिरवायचं असतं. इथे ते आई घालायची, केसांना रंग लावतानासुद्धा. कर्लर लावलेल्या बाईला उठून पळता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गल्लीतल्या बायकांना दानबीच्या परीक्षांचं वेळापत्रक स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त पाठ झालं होतं.

दानबी आदल्या संध्याकाळी आली ती काळ्या सूटमध्ये, केस घट्ट मागे बांधून. आल्या आल्या आजीच्या फोटोपुढे वाकली आणि मग कुणी न सांगता कामाला लागली. उदबत्ती कुठे, पाणी कुठे, पुरुषांच्या बाहीवरची पट्टी कुणाला कशी, सगळं तिला येत होतं. थोरले काका नमस्काराला उभे राहिले तेव्हा तिने हळूच त्यांचे हात धरून बदलले.

“काका, मयताला पुरुषांचा उजवा हात वर. डावा सणासुदीला.”

“बघा,” जोंगसुन जाऊबाईंच्या कानाशी म्हणाली, “सोलला काय काय शिकवतात.”

जाऊबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि जोंगसुनला ती रात्र सुखाची गेली. सासू गेली होती खरी, पण लेक दहाजणांत उठून दिसत होती.

सकाळी फुलवाला आला. चांगला टकल्या, पोट सुटलेला माणूस होता आणि पुष्पचक्र खांद्यावर घेऊन तो सरळ आत शिरला. जोंगसुन धावलीच.

“इकडे, इकडे! फोटोजवळ ठेवा. पट्ट्या नीट पसरा. सोलचं ना?”

“डेजॉनचं,” फुलवाला म्हणाला.

“मग ते आमचं नाही. शेजारच्या हॉलमध्ये कुणी गेलंय, तिकडे न्या.”

“बाई, नाव तर इथलंच आहे.” त्याने फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला. “गु दानबी यांच्या आजी. गु दानबी इथल्याच ना?”

तोपर्यंत पट्ट्या सुटून खाली लोंबायला लागल्या होत्या. एकीवर ‘आजींना अखेरचा नमस्कार’ असं होतं. दुसरीवर डेजॉनकडच्या कुठल्याशा कॉलेजचं नाव, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत: अंत्यविधी विभाग, शिक्षक व विद्यार्थी.

जोंगसुनने ते वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षरं ओळखीची होती, अर्थ काही आत शिरेना.

“कसला विभाग?” ती म्हणाली.

“अंत्यविधी,” फुलवाला मदतीच्या सुरात म्हणाला. “मयताला आंघोळ घालतात, कपडे चढवतात, ते शिकवतात तिथे. आता पदवी असते त्याची. पोरी खूप असतात म्हणे. इथे सही करा.”

“आमची मुलगी सोलला असते हो! व्यवसाय प्रशासन!” तिचा आवाज इतका चढला की जेवायला बसलेल्या लोकांचे चमचे थांबले. “घेऊन जा हे! चुकीचं आलंय!”

आणि नेमक्या त्याच वेळी दानबी पाण्याचा जग घेऊन आतून आली, पुष्पचक्राकडे बघून दारातच थबकली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आईने तो रंग उडताना पाहिला. कॉलेजातल्या मुलांनी चांगुलपणाने, रीतीप्रमाणे, वर्गमैत्रिणीच्या आजीला फुलं पाठवली होती. मैत्रिणीने घरी काही सांगितलेलं नाही, हे बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार! जोंगसुनच्या पायाखालची जमीन सरकली ती तिथे, त्या पाण्याच्या जगाकडे बघताना.

जाऊबाईंनी पट्टी हातात धरून सावकाश वाचली.

“काय गं जोंगसुन,” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “सोलच्या विद्यापीठाने नाव बदललं वाटतं?”

शोकगृहाच्या मागे घरच्यांना पाठ टेकायला एक लहानशी खोली असते. जोंगसुनने लेकीला दंडाला धरून तिथे नेलं आणि दार लावलं.

“सांग. खोटं आहे म्हणून सांग.”

“खरं आहे,” दानबी म्हणाली. “दोन वर्षं सोलला केली. मग बदली घेतली, डेजॉनला तिसऱ्या वर्षात. आता वर्ष होत आलं.”

“वर्ष!” जोंगसुन मटकन खाली बसली. “अगं, सगळं जग बदली घेऊन सोलला जातं. मुलं दोन-दोन वर्षं क्लास लावतात, रक्त ओकतात, सोलच्या कॉलेजात शिरायला मिळावं म्हणून. आणि तू सोल सोडून... मढी धुवायला गेलीस?”

“हो.”

नुसतं ‘हो’. रडली असती, पाया पडली असती, तर जोंगसुनला कळलं असतं काय करायचं ते. ही पोरगी ताठ बसली होती.

“मी तुला दोनदा सांगायला आले,” दानबी म्हणाली. “पहिल्यांदा म्हणाले, आई, मला तिथे जीव गुदमरल्यासारखं होतं. तू म्हणालीस, मधाचं पाणी पी. दुसऱ्यांदा दुकानात आले, तर तू केस वाळवायचं मशीन चालू केलंस.”

“गिऱ्हाईक होतं खुर्चीत!”

“गिऱ्हाईक कायमच असतं खुर्चीत, आई.”

मग दानबीने सांगितलं. सोलला ती राहायची त्या इमारतीत दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढाल्या खोल्या होत्या. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते, ते गेले. नात्याचं कुणी आलं नाही. म्हणून ती आणि घरमालकीण अशा दोघीच उभ्या राहिल्या. तिथे एक बाई आली, हातमोजे घातले, आणि त्या म्हाताऱ्यांना नावाने हाक मारून म्हणाली, आता तुमचा चेहरा पुसते हं. दानबी म्हणाली, “तोपर्यंत वर्गात बसून मला कधी कळलंच नव्हतं की मी काय शिकतेय आणि कशाला. तिथे पाच मिनिटांत कळलं. मी त्या बाईंच्या मागे गेटपर्यंत गेले, हे कुठे शिकवतात म्हणून विचारायला.”

जोंगसुनला यातलं निम्मंच ऐकू आलं. तिच्या डोळ्यांपुढे गल्ली होती, दुकानातल्या खुर्च्या होत्या, आणि खुर्च्यांतल्या बायका हसत होत्या. त्याहून वाईट म्हणजे लेकीचे हात तिच्या डोळ्यांपुढे होते. ते हात कुणाकुणाला लागले असतील! अशा मुलीला कोण करून घेणार? तिच्या हातचं कोण जेवणार?

दार उघडून नवरा आत आला. बंदरावर आयुष्य काढलेला, दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस.

“अहो, ऐकलंत का तुमच्या मुलीचं?”

सांगमुक दाराशीच उभा राहिला. “मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“मागच्या हिवाळ्यात किमची द्यायला सोलला गेलो होतो ना. खोलीत दुसराच कुणी राहत होता. मग हिला फोन केला. डेजॉनला जाऊन देऊन आलो.”

“आणि मला सांगितलं नाहीत? वर्षभर माझ्याशेजारी झोपताय आणि ताकास तूर लागू दिली नाहीत?”

“तुझ्यापुढे बोलायची कुणाची टाप आहे,” सांगमुक म्हणाला. मग, आता एवढं झालंच आहे तर होऊ दे अशा आवाजात म्हणाला, “आईलाही माहीत होतं.”

जोंगसुनने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सासूला! त्या अंथरुणावरच्या, एक हात आखडून गेलेल्या बाईला!

“आजीने स्वतःच सांगितलं, माझ्यावर शीक म्हणून,” दानबी म्हणाली. आता पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा हलला. “तिने अधिक महिन्यात शिवून ठेवलेले शेवटचे कपडे होते ना, तागाचे? ते काढायला लावायची आणि म्हणायची, घाल मला, बघू तुला गाठी येतात का. बाही घालताना गुदगुल्या होतात म्हणून हसायची. म्हणाली, मला तूच तयार करायचंस. परक्या माणसाने हा हात ओढला तर मी उठून बसेन.”

जोंगसुनला आठवलं. वसंतात एकदा ती जेवण घेऊन खोलीत गेली होती, तर सासूच्या अंगावर मेल्यावर घालायचा सदरा, आणि आजी-नात दोघी हसून लोळत होत्या. सासूला चळ लागला, असं समजून ती त्या दिवशी दाराबाहेर रडली होती.

“नाम सरांना मी विचारलंय, इथल्या प्रमुखांना,” दानबी म्हणाली. “थोरल्या काकांनाही विचारलंय. दुपारी आजीला मी तयार करणार आहे.”

“नाही करणार तू,” जोंगसुन उठली. “उद्या माती झाली की माझ्याबरोबर सोलला यायचं. पाया पडू त्यांच्या. सोडून गेलेल्यांना परत घेतात, कांगबाईंच्या भाच्याला घेतलं होतं. आणि इथे, ह्या सगळ्या लोकांसमोर, तू जर तिला हात लावलास, तर मला परत आई म्हणायचं नाही. ऐकलंस?”

दानबीने ऐकलं. सांगमुक काहीतरी बोलायला गेला, तर जोंगसुनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बाहेर निघून गेला.

दुपारी घरच्यांना खाली बोलावलं. खोली गार होती, आणि मधल्या टेबलावर पांढऱ्या चादरीखाली सासूबाई इवल्याशा दिसत होत्या. नामसाहेब म्हणजे पिकल्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली एक दांडगा, जवान मदतनीस. घरचे भिंतीला लागून उभे राहिले. दानबीही त्यांच्यातच उभी होती, डावा हात उजव्यावर ठेवून, मान खाली. नामसाहेबांनी तिच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. तिने नुसती मान हलवली. नाही.

पोरीने ऐकलं, जोंगसुनच्या मनात आलं. ऐकलं, म्हणजे सोलला परत येईल. याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आंघोळ आधीच झाली होती. कपडे चढवायला लागले. पाय झाले, उजवा हात झाला. डाव्यापाशी गाडं अडलं. अर्धांगाने वळलेली ती मूठ जिवंतपणीही उघडत नसे. तिची नखं कापताना जोंगसुनला दर आठवड्याला घाम फुटायचा. आता त्या मुठीवर तागाचा हातमोजा चढेना. जवानाने मनगट धरलं, बोटांखाली अंगठा घातला आणि जोर केला. सासूबाईंचा अख्खा खांदा टेबलावरून उचलला गेला.

“अहो, हळू!” जोंगसुन किंचाळली. “दुखेल त्यांना!”

जवान लाल होऊन मागे सरला. मेलेल्या माणसाला दुखत नाही, हे जोंगसुनलाही माहीत होतं. आपण काय बोलून गेलो हे तिचं तिलाच कळेना. तिने वळून पाहिलं, तर दानबी आजीच्या हाताकडे नव्हे, आईकडे बघत होती. विचारत होती. मुकाट्याने, लहानपणी दुकानाच्या दारातून विचारायची तशी, जाऊ का म्हणून. शेजारी जाऊबाई उभ्या होत्या, थोरले दीर होते, सगळं घर होतं.

“बघतेस काय?” जोंगसुन म्हणाली. “त्यांनी तुला सांगितलं होतं ना? मग जा की.”

दानबीने बाह्या सरसावल्या. गरम पाण्यात टॉवेल बुडवून पिळला आणि मुठीभोवती गुंडाळला.

“आजी, दानबी आहे मी,” ती म्हणाली. रोजच्या आवाजात, शेजारी बसून बोलावं तसं. “आता हात उघडतेय. घाई नाही. तुला वाटेल तसं.”

ती मनगटापासून चोळत गेली. टॉवेल निवला की बदलायची. बोटाला ओढायची नाही, बोटाच्या मुळाशी दाबायची, आणि मधूनमधून आजीशी बोलायची. गाठी बघ मी नीट मारते की नाही. बाही घालतेय, हसायचं नाही. थोरले दीर, सत्तरीचा माणूस, ओक्साबोक्शी रडू लागले. बराच वेळ गेला. आणि मग करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. एकेक करून सगळी बोटं सुटली, आणि सासूबाईंचा तळवा, कित्येक वर्षांत कुणी न पाहिलेला, टेबलावर सरळ पडला. मऊ आणि पांढराफटक, मधोमध चार नखांचे वण.

आपल्या पोटच्या पोरीकडे जोंगसुन पाहत होती आणि तिला ही बाई ओळखीचीच वाटत नव्हती. ह्या हातांना ती सकाळी विटली होती.

“आई,” दानबी तिच्याकडे न बघता म्हणाली, “केस विंचरायचेत. आजीचा भांग कुठून असतो ते तुलाच माहीत आहे.”

“मी?”

“ये ना. काही होत नाही. माझ्या हातावर हात ठेव आधी.”

जोंगसुन पुढे झाली. तिने कंगवा घेतला. डावीकडून, कानाच्या जरा वर. केस गार होते आणि नेहमीसारखेच विरळ होते. विंचरता विंचरता तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “थोडी मान इकडे करा हं,” आणि दानबीने अलगद आजीची मान इकडे केली. मागे कुणीतरी हुंदका दिला. जाऊबाईच होत्या त्या.

सासूबाईंना शवपेटीत ठेवलं, झाकण लागलं. लोक एकमेकांना धरून वर गेले. नामसाहेबांनी जाताजाता जोंगसुनपुढे मान लववली. खोलीच्या टोकाच्या नळावर मायलेकी हात धूत उभ्या राहिल्या.

“वर्षभर खोटं बोललीस, ते मी विसरणार नाही,” जोंगसुन म्हणाली. “घरी गेल्यावर तुझी आणि तुझ्या बापाची चामडी लोळवणार आहे.”

“बरं.”

“आणि सोलला नको जाऊस.”

दानबी साबण लावत राहिली. तिला बहुधा नीट ऐकू आलं नसावं.

“डेजॉनलाच राहा म्हणतेय मी. चांगलं शीक. त्या दांडग्याला शिकव, कसायासारखा ओढत होता.” जोंगसुनने नळ बंद केला. “माझ्या वेळी मला असला कुणी नको. माझ्या वेळी तूच ये.”

आता धक्का बसायची पाळी लेकीची होती. तिने मान वर केली, आरशात आईकडे पाहिलं, आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं.

“असलं नको ना बोलूस,” ती म्हणाली. “बाकी कुणाचंही करीन. तुझं नाही जमायचं मला. आई, खरंच नाही जमायचं.” आणि दोन दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोर बेसिनला धरून हमसाहमशी रडायला लागली.

जोंगसुनने तिचे ओले हात बेसिनवरून सोडवले आणि आपल्या हातांत घेतले. बर्फासारखे गार पडले होते. ती ते चोळत राहिली.

“जमेल,” ती म्हणाली. “अजून वेळ आहे. शिकशील.”